कोऱ्या हातांचा नियम

पहिले कितीतरी महिने मी त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा पाहिला नव्हता. हात मात्र सगळ्यांचे ओळखीचे झाले होते.

सकाळी साडेपाचला फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि कॅमेरा खाली कलवायचा. मग स्क्रीनवर फक्त वही, पेन आणि कोपरापर्यंतचे दोन हात दिसायचे. अशा पंधरा-वीस चौकटी एकाखाली एक, आणि प्रत्येक चौकटीत कुणीतरी लिहीत असायचं. आवाज बंद. बोलायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, फक्त अभ्यास करताना दिसायचं. ही आमची ऑनलाइन अभ्यासाची खोली. तिला आम्ही ‘टेबल’ म्हणायचो.

चेहरा नको, हा नियम सुरुवातीपासूनचा. मुलींना निवांत बसता यावं म्हणून तो केला होता. मला त्याचा आणखी एक उपयोग झाला. आम्ही घणसोली गावात भाड्याच्या एका खोलीत राहतो. कॅमेरा जरा वर उचलला असता, तर मागे शेगडी, परात आणि डबेवालीच्या ऑर्डरच्या पोळ्या लाटणारी आई दिसली असती. वडील माथाडी आहेत, मार्केटमध्ये पोती उतरवतात. ते त्या वेळेआधीच निघून गेलेले असायचे. मला या कशाची लाज वाटायची असं नाही. पण कुणी काही विचारलं असतं तर काय सांगायचं ते मला सुचलं नसतं. हातांना कुणी काही विचारत नाही, असं तेव्हा मला वाटत होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. साताऱ्याकडच्या आमच्या गावात अजूनही कुणाला नीट सांगता येत नाही की मी काय शिकते. ‘मुंबईला कॉलेज करती’ एवढ्यावर भागतं. पहिल्या वर्षाला मॅथ्स-स्टॅट्सचा पेपर राहिला आणि मला एटीकेटी लागली. एटीकेटी म्हणजे नापास नाही, पेपर परत द्यायचा, हे मी वडिलांना दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, “पर पास हायस का न्हाईस?” तो पेपर सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. क्लास लावायची ऐपत नव्हती. वर्गातल्या एका मुलीने टेबलाची लिंक दिली, आणि मी तांदळाच्या डब्यासमोर बसायला लागले.

टेबलावर खरी नावं कुणी वापरत नसे. चौकटीत जे दिसायचं त्यावरून नाव पडायचं. सानपाड्याचा एक मुलगा होता, त्याच्या वहीशेजारी रोज स्टीलचा टंबलर असायचा, त्यातून कॉफीची वाफ निघायची. तो टंबलर. ही खोली त्यानेच सुरू केली होती, म्हणून कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं हे त्याच्या हातात होतं. घरी तमिळ बोलणारा, पण मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. तळवलीला भावासोबत राहणारा एक मुलगा प्रत्येक आकड्याखाली पट्टीने रेघ मारायचा. तो पट्टी. त्याचा भाऊ एसी दुरुस्त करायचा, गाव बिहारमध्ये, आणि त्याची मराठी सगळी रिक्षात आणि मैदानात शिकलेली. मी आधी पेन्सिलने लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे, म्हणून मी खोडरबर.

आणि निळी शाई. उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावातली मुलगी. तिच्या वडिलांचं खिळे-पत्र्यांचं दुकान आहे. ती शाईच्या पेनाने लिहायची, निब वाकडं झालं तरी. तिचं बोलणं आगरी बायकांच्या जवळ जाणारं, मध्येच उर्दूतला एखादा शब्द. तिलाही तोच पेपर द्यायचा होता, पण ती नापास झाली म्हणून नाही. परीक्षेच्या दिवशी ती तापाने फणफणली होती. त्यामुळे आम्हा सगळ्यांत स्टॅट्स खरोखर येणारी ती एकटी.

तासाच्या शेवटी दहा मिनिटं ‘डाउट टाइम’ असायचा. तेव्हा माइक सुरू करायचे. माइक सुरू झाले की घरं आत यायची. टंबलरकडे सुप्रभातम् चालू असायचं. निळ्या शाईकडे कोंबडा आणि दूरवर कुणीतरी बोटीचं इंजिन सुरू करत असल्यासारखा आवाज. पट्टीचा भाऊ बाहेर बाइकला किका मारत असायचा आणि पट्टी ओरडायचा, “भय्या, दो मिनिट, इधर मीन-मोड चालू हाय!”

मी माइक कधीच सुरू केला नाही. मला शंका नसायच्या असं नाही, शंकाच असायच्या. पण मी त्या टाइप करायचे, खोडायचे, आणि वेळ संपायची. एकदा निळ्या शाईने मध्येच थांबून विचारलं, “खोडरबर, तू मघापासून टायपिंग-टायपिंग दाखवतेस. काय अडलंय गं बाय?”

मी लिहिलं, “स्टँडर्ड डेव्हिएशन. करता येतं, पण कशासाठी करतात ते कळत नाही.”

“आमच्या स्टॉपवर दोन बस येतात,” ती म्हणाली. “दोन्ही सरासरी दहा मिनिटं लेट. पैली रोज दहाच मिनिटं लेट. दुसरी एक दिवस टायमावर, एक दिवस वीस मिनिटं. सरासरी सेम. आता तुला पेपरला जायचंय. कंच्या बसचा भरवसा धरशील?”

“पहिल्या,” मी लिहिलं.

“मग झालं. सरासरी सांगते किती लेट, आणि ही सांगते भरवसा किती.”

वर्गात महिनाभर फळ्यावर जे होतं ते मला त्या दिवशी समजलं. मी तिला धन्यवाद लिहिलं. तिने उत्तर दिलं, “धन्यवाद कसला, गणितं कर.”

मग ती काही दिवस आली नाही. भावाचं लग्न आहे, असं सांगून गेली होती. आली त्या सकाळी तिच्या चौकटीत आधी मला दुसरंच कुणीतरी बसलंय असं वाटलं. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत मेंदी. इतकी गडद की नखांच्या कडाही काळपट लाल. हातात तेच पेन.

पट्टीने लगेच लिहिलं, “शाई बदललीस काय? निळीची चॉकलेटी झाली!”

“भावाचा निकाह होता,” तिने लिहिलं. “वही भरली नाही, हात भरले.”

सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. मीही टाकला.

त्या दिवसांत बाहेर कुठेतरी धर्मावरून काहीतरी घडलं होतं आणि सगळ्यांच्या फोनवर त्याचेच व्हिडिओ फिरत होते. टेबलावर त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. पण ते होतं. महिन्यापूर्वीच लिंकवरून आलेला एक मुलगा होता, काळं जाड घड्याळ घालणारा. आम्ही त्याला घड्याळ म्हणायचो. त्याने लिहिलं, “आपण इथे अभ्यासाला येतो. कोण कुठल्या धर्माचं हे दाखवायला नाही.”

“मेंदीला धर्म असतो काय?” कुणीतरी विचारलं. “माझ्या ताईच्या लग्नात मी पण लावली होती.”

“मग निकाह कशाला सांगायचा?” घड्याळाने लिहिलं.

“लग्न होतं ते सांगितलं, भाई. तुझ्या घरी लग्नं होत नाहीत काय?” हा पट्टी.

“तू तर बोलूच नको. आधी मराठी नीट शिक.” परत घड्याळ.

“आणि तुझ्या घड्याळाखाली जो भगवा दोरा आहे तो काय अभ्यासाचा आहे?” आणखी कुणीतरी.

मग ते पेटलं. एकाने दोऱ्यावर लिहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या कड्यावर. ज्यांचे हात मी रोज शांतपणे बेरजा करताना पाहत होते तेच हात आता खाली पेन ठेवून फोनवर भराभर टाइप करत होते, आणि चौकटींत रिकाम्या वह्या दिसत होत्या. निळी शाई काहीच लिहीत नव्हती. ती प्रश्न सोडवत होती, किंवा तसं दाखवत होती. तिचं पेन एकाच ओळीवर थांबलेलं मी पाहिलं.

संध्याकाळी टंबलरचा संदेश आला. “उद्यापासून टेबलावर सगळ्यांचे हात कोरे. दोरा, अंगठी, कडं, बांगडी, मेंदी, टॅटू, काहीही दिसणार नाही. नियम सगळ्यांना सारखा, मलासुद्धा. आपल्याला पेपर सोडवायचा आहे, भांडायचं नाही.” खाली होकाराच्या अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही, पण विरोधातही काही लिहिलं नाही. मी बराच वेळ विचार करत बसले आणि मग जेवायला वाढायची वेळ झाली.

टंबलर शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटात नेहमीची बालाजीची अंगठी नव्हती, तिथे फक्त पांढरा वळ होता. पट्टीच्या मनगटावर लाल धागा असायचा. तो गावाकडच्या देवीचा, काढायचा नसतो म्हणे, म्हणून त्याने त्यावर भावाच्या कामातली काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. आता तो प्लंबरसारखा दिसत होता. घड्याळाने दोरा झाकला जाईल असं घड्याळ घट्ट बांधलं होतं. माझ्या मनगटाला गावच्या जत्रेतला काळा गंडा आहे, आईने बांधलेला. मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला आणि बाही खाली ओढली. एवढंच. कुणाला काही त्रास झाला नाही.

निळ्या शाईचा कॅमेरा बंद होता.

कॅमेरा पाच मिनिटांहून जास्त बंद राहिला की ॲप माणसाला आपोआप बाहेरच्या खोलीत ढकलतं. आम्ही तिला ‘जिना’ म्हणायचो, कारण टंबलरने तिला तसं नाव दिलं होतं. जिन्यावर उशिरा आलेले थांबायचे, नेट गेलेले थांबायचे. तिची चौकट टेबलावरून नाहीशी झाली आणि जिन्याच्या नावाखाली तिचं नाव दिसायला लागलं. एकटीचं.

मी तिला खासगीत लिहिलं, “आता काय करणार?”

“काय करणार म्हणजे? काथ्याने घासू काय?”

“किती दिवसांत जाते?”

“लग्नाची मेंदी हाय, बाय. पंधरवडा तरी नक्की. तोवर पेपर तोंडावर येईल.” मग जरा वेळाने, “मामेबहिणीने एक लिंक पाठवली. फक्त आमच्याकडच्या मुली आहेत त्यात. सोमवारपासून तिकडे बसते. तिथे कुणाला काय वाटणार नाही.”

मला तेव्हा आधी वाटलं ते स्वार्थाचं होतं. मला वाटलं, मग माझं स्टॅट्सचं काय. पण त्याच दुपारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आमच्याकडच्या एका मुलाने मला आपणहून लिंक दिली. “आपल्या साताऱ्याच्या पोरापोरींचा ग्रुप आहे, इकडं ये, तिकडं म्हणं लई राडा झाला.” पट्टीला म्हणे बिहारच्या मुलांची लिंक आली होती. प्रत्येकाला आपापली लिंक येत होती. कुणी जोरजबरदस्ती करत नव्हतं, उलट सगळे प्रेमानेच बोलावत होते. सोमवारपर्यंत आम्ही सगळे आपापल्या माणसांत नीट बसलो असतो, आणि मग पुन्हा एकमेकांचे हात कुठे दिसले असते?

त्या संध्याकाळी मी गणितं केली नाहीत. नियम सारखा आहे, मग मला तो का टोचतोय, एवढंच मी विचार करत होते. उत्तर माझ्या अंगावरच होतं. गंडा बाहीत जातो. अंगठी डबीत जाते. धाग्यावर चिकटपट्टी बसते. मेंदी कुठे जाणार? सगळ्यांना सारखा नियम केला आणि बाहेर गेली एकच. आणि भांडण तिने केलंही नव्हतं.

सकाळी मी स्वेटर घातला नाही. टी-शर्टवर बसले, गंडा स्पष्ट दिसेल असा हात वहीवर ठेवला आणि लिहायला लागले. टंबलरने खासगीत लिहिलं, “खोडरबर, बाही.”

मी लिहिलं, “माहिती आहे.”

“मग?”

“काढणार नाही. झाकणार पण नाही. मला जिन्यावर पाठव.”

बराच वेळ टायपिंग-टायपिंग दिसत राहिलं. मग माझी चौकट नाहीशी झाली आणि मी जिन्यावर आले. तिथे एकच नाव होतं. माइकचं चिन्ह समोर होतं. कुणाला शंका विचारायला मी ते कधी दाबलं नव्हतं. माझं बोलणं गावाकडचं आहे आणि घाबरले की आणखीच गावाकडचं होतं. पण जिन्यावर टाइप करत बसले असते तर ती पुन्हा एकटीच राहिली असती. मी दाबलं.

“म्या… मी आलीय,” मी म्हणाले.

“कोण?”

“खोडरबर.”

“या खुदा,” ती म्हणाली, “तुला आवाज हाय?”

मी हसले, आणि त्याच क्षणी मागून आई ओरडली, “कुणासंगं बोलतीयास येवढ्या सकाळी? पाणी जाईल की! बादल्या भर आधी!”

“आई काय गं?”

“हो.”

“मग जा, पाणी भर. मी कुठे पळते?”

मी पाणी भरून आले. तिने कॅमेरा सुरू केला होता. जिन्यावर कसलाच नियम नव्हता. आम्ही दोघींनी माइक सुरू ठेवून गणितं केली. मी तिला सांगितलं की सोमवारी जाऊ नकोस. ती म्हणाली, “का नको? इथे मला काय जिन्यावर बसायला बरं वाटतं?”

“नाही. पण मी पण बसणार आहे. रोज.”

“तुझ्या बसण्याने काय होणार?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. “पण दोघी असल्या तर तो जिना राहत नाही ना. खोली होते.”

तिने माझी वही वाचली आणि म्हणाली, “पाचवं गणित चुकलंय तुझं. फ्रीक्वेन्सीची बेरीज परत कर.”

शनिवारी जिन्यावर पट्टी आला. मनगटावरची काळी चिकटपट्टी ओरबाडून काढल्याने केस निघाले होते आणि तो भाग लाल झाला होता. “दुखतंय यार,” तो म्हणाला. “भय्या बोलला, ही टेप कॉम्प्रेसरला लावतात, मानसाला नाय. मी पण जिन्यावर. इकडे कॉफी भेटते काय?”

“इथे फक्त स्टॅट्स भेटतं,” निळी शाई म्हणाली.

“तेच पायजे. तिकडे डाउट टाइमला सगळे एकमेकांकडे बघत बसतात. टंबलर गाइड वाचून दाखवतो. भाई, ते गाइडला पन कळत नसेल.”

त्याच्यामागून आणखी दोघी आल्या, एक बांगड्या परत घालून, एक तशीच. ती म्हणाली, माझ्या हातावर काही नाहीच, पण मला मीडियन समजत नाही. रविवारी जिन्यावर टेबलाइतकीच माणसं होती. आईने त्या सकाळी विचारलं, “शाळा भरवलीस का काय?” आणि परात उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली, म्हणजे लाटण्याचा आवाज कमी येईल.

डाउट टाइम संपता संपता टंबलर आला. त्याच्यामागे सुप्रभातम् नव्हतं. तो ते बंद करून आल्यासारखं वाटलं.

“तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात का?” त्याने विचारलं.

पट्टी म्हणाला, “बोल ना खोडरबर, तूच लीडर.”

“मी लीडर-बिडर नाही,” मी म्हणाले. “रागावलो नाही. तू चांगल्यासाठी केलंस, माहिती आहे. तू स्वतःची अंगठी काढलीस.”

“मग? मी सगळ्यांसाठी सारखाच नियम केला.”

“सारखा केलास. पण तो सारखा लागत नाही. तुला अंगठी काढायला लागली, मला बाही ओढायला लागली. तिला मात्र बाहेर बसायला लागलं.”

“मला कुणालाच बाहेर काढायचं नव्हतं. मला ते भांडण बाहेर काढायचं होतं.” त्याचा आवाज जरा चढला. “तुला माहीत आहे का, त्या दिवशी मला खासगीत किती जणांनी काय काय लिहिलं? नियम काढला आणि परत सुरू झालं तर? पेपर इतका जवळ आहे. मी रोज न्यायाधीश बनून बसू?”

याचं उत्तर मी तयार करून आले नव्हते. आधीची मी असते तर तिथेच माइक बंद केला असता.

“सुरू झालं तर जो दुसऱ्याच्या हातावर बोलेल त्याला एक सकाळ जिन्यावर पाठव,” मी म्हणाले. “बोलणाऱ्याला. हातांना नको. आणि तुला एकट्याला न्यायाधीश व्हायचं नसेल तर मी तुझ्यासोबत बसते. मला जमेल का माहीत नाही, पण बसते.”

“मी पन,” पट्टी म्हणाला. “पन मला मस्करी अलाउड पायजे.”

“तुझीच पहिली पाळी येईल जिन्यावर,” निळी शाई म्हणाली.

टंबलर हसला नाही. “मग तू परत येशील का टेबलावर?” त्याने तिला विचारलं.

“अशी नाही येणार,” ती म्हणाली. आवाज शांत होता, पण मी तिला ओळखायला लागले होते. ती अवघड गणित सांगताना असंच बोलायची. “ज्यांनी अंगठे दिले ते गुपचूप दिले. आता नियम काढायचा तर बोलून काढा. माइक चालू करून. मला ऐकायचंय. सोमवारी मी एकदा येईन. पटलं तर बसेन, नाहीतर मामेबहिणीकडे जाईन. मला पेपर द्यायचाय, मी कुणाची वाट बघत बसणार नाही.”

तिचं बरोबर होतं. पण मला भीती वाटली. टाइप करून सगळे काहीही म्हणतात. माइकवर किती जण बोलतील?

सोमवारी साडेपाचच्या आधीच मी बसले. टेबलावर सगळ्यांना बोलावलं होतं. निळी शाई कॅमेरा बंद ठेवून आली. ॲप तिला पाच मिनिटांनी बाहेर ढकलणार हे तिलाही माहीत होतं. टंबलरने काय झालं ते थोडक्यात सांगितलं, कसलंही भाषण न करता, आणि म्हणाला, “नियम काढायचा का ते प्रत्येकाने बोलून सांगा. मी सुरू करतो. काढा. माझी चूक झाली असं नाही म्हणणार, पण ते बरोबर बसलं नाही.”

“काढा,” मी म्हणाले. 

“काढा रे, मला परत ती टेप नको,” पट्टी.

एकेक माइक सुरू व्हायला लागला. कुणाच्या मागे मिक्सर, कुणाच्या मागे रडणारं बाळ. कुणी ‘निकालो’ म्हणालं, कुणी ‘हटा दो’, एक मुलगी ‘मला काही फरक पडत नाही, पण काढा’ म्हणाली. एकीने स्पष्ट सांगितलं, “ठेवा. मला कोऱ्या हातांनी शांत वाटतं.” तिला कुणी काही बोललं नाही. काही जण गप्पच राहिले, त्यांच्या चौकटींत हात स्थिर होते. दोघं न बोलता बाहेर पडले, ते परत आले नाहीत. मी स्क्रीनवरच्या वेळेकडे बघत होते. पाच मिनिटं संपत आली होती.

शेवटी घड्याळाचा माइक सुरू झाला. त्याच्या मागे काहीच आवाज नव्हता. तो कुठे राहतो, घरी कोण आहे, हे आजही मला माहीत नाही.

“मला अजून पटलेलं नाही,” तो म्हणाला. “मी जे बोललो ते मला तेव्हा बरोबरच वाटलं होतं.” त्याने हातातलं पेन वहीवर ठेवलं. “पण मी मेंदीवर बोललो, तिने मला काहीच म्हटलं नव्हतं. नियम काढा. मी हातांवर बोलणार नाही. बाकी माझं मत माझ्याकडे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तर त्याचा रागच आला होता; पूर्ण का म्हणत नाही, असं वाटलं. पण मग लक्षात आलं की मी त्याच्याकडून एवढंच मागितलं होतं. मन बदल असं आम्ही कुणाला सांगू शकत नव्हतो. शेजारी बस, आणि दुसऱ्याला बसू दे, एवढं सांगू शकत होतो. तेवढं त्याने दिलं होतं, तेही मोठ्याने.

आता फक्त तिच्या काळ्या चौकटीकडे सगळे बघत होते. माझ्याजवळ बोलायचं उरलं नव्हतं, आणि निर्णय तिचा होता.

चौकट उजळली. आधी कोपर दिसलं, मग वही, मग ते दोन्ही हात. मेंदी नखांजवळ अजून गडद होती, तळव्यावर नारिंगी व्हायला लागली होती. तिने पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर निब घासून शाई येते का ते बघितलं.

“चला,” ती म्हणाली, “गेल्या वर्षीच्या पेपरातलं सातवं कुणाचं आलं नाही?”

मग घड्याळ म्हणाला, “माझं.”

“दाखव.”

त्याने वही उचलून कॅमेऱ्यापुढे धरली.

“आणखी जवळ आण,” ती म्हणाली. “आणि हात हलवू नको, आकडे दिसत नाहीत.”